कोरडे कपडे

ओल्या कपड्यांवरून मी जेवढी भांडले, तेवढी दुसऱ्या कशावरून भांडले नसेन. भांडायचा मला कंटाळा नाही. सासूबाईंना ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलायची सवय लागली, असं मी लोकांना सांगते. आमचे हे म्हणतात, सवय माहेरूनच आली होती.

घर आमचं डोंगराच्या पायथ्याशी. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे चार हात अंगण आणि अंगणात एकच दोरी. डोंगरातून चार वर्षं बोगद्याचं काम चाललंय. घरातले दोन्ही पुरुष त्या बोगद्यात ड्रिल धरतात, एक आमचे हे आणि दुसरा माझा धाकटा दीर. त्याआधी दोघं भाऊ बापाच्या हाताखाली विहिरी खोदायचे. मग गाडीवरची यंत्रं आली, दिवसभरात जमिनीला भोक पाडून जायला लागली, आणि विहीर खोदणाऱ्याला कुणी हाक मारेना. बोगदा आला तेव्हा यांना पहिल्याच दिवशी घेतलं, कारण दगड कुठे फुटेल हे यांना हात लावून कळतं. दीर मागाहून दीड वर्षाने लागला.

दिराला सगळे भोंगा म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तो बारा वर्षांचा होता, बाहीला नाक पुसत फिरायचा, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरेच करते. आता तिशीचा बाप्या झाला. आवाज मात्र तेव्हापासूनचा. विहिरीच्या तळातून बोलला तरी वरचे बैल बुजायचे. सासूबाईंना जगात एकाचंच साधं बोलणं ऐकू येतं, ते याचं. बोगद्यात सुरुंग उडवण्याआधी कर्णा वाजवायची पद्धत, पण वीज गेली की कर्णा मुका. दोनदा तसं झाल्यावर मुकादमाने ते काम भोंग्याकडेच देऊन टाकलं. रोज दुपारी तो बोगद्याच्या तोंडाशी येतो, दोन्ही हात गालांना लावतो आणि तीनदा ओरडतो, "सुरुंग आहे! सरका रे!" आमच्या अंगणात शब्द न् शब्द पोचतो. सासूबाई तांदूळ निवडता निवडता मान वर करतात आणि म्हणतात, "बोलला माझा." मग जमीन हलते, फळीवरची भांडी वाजतात, आणि मी आम्हा दोघींचा चहा ठेवते.

तर कपडे. ड्रिलच्या सळईतून पाणी सोडायचा एक नळ असतो. तो उघडा ठेवला की दगडाची धूळ उडत नाही, राखाडी चिखल होऊन गळते. फक्त ती गळते माणसाच्या अंगावर. हात वर करून छताला भोक पाडायचं, आणि पाणी बाहीतून शिरून पायाच्या बोटांपर्यंत जायचं. असे आठ तास. आमच्या यांचा हट्ट, की नळ सोडल्याशिवाय सळई दगडाला लावायची नाही. "बापाने शिकवलंय," एवढंच सांगायचे. घरी यायचे तेव्हा कपडे चिखलाने जड, बोटं पांढरीफटक, आणि खोकला. बारा महिने तेरा काळ खोकला.

भोंगाही पहिले सहा महिने तसाच ओला यायचा. दोघांचे जोड, वर अंगात घालायची ती जाड बंडी, सगळं नळकोंडाळ्यावर नेऊन धुवायचं, पिळायचं आणि एका दोरीवर वाळवायचं. थंडीत ते दोन दोन दिवस वाळायचं नाही. माझे हात कोपरापर्यंत भेगाळले. एका सकाळी त्याने ओलीच पँट पायात चढवली आणि कुडकुडत चहा मागितला, तेव्हा मी तोंड सोडलं.

"दोघांना ओलंच राहायचं असेल तर नदीत जाऊन राहा ना! बाकीची माणसं कोरडी घरी येतात. त्यांच्या बायका काय जादू करतात?"

दुसऱ्या दिवसापासून भोंगा कोरडा यायला लागला. "बघ वहिनी, केली की नाही जादू?"

त्याने नळ बंद केला होता. बाकीचे तेच करत होते. पाणी बंद असलं की हात हलका चालतो, भोकं भराभर होतात, मुकादम पाठ थोपटतो. तोंडाला बांधायला पातळ फडकी देत, पंधरा दिवसाला एक. घामाने ती भिजली की श्वास घेता येत नाही, म्हणून सगळ्यांच्या हनुवटीवर. कपडे मात्र मस्त. दाराबाहेर दोनदा झटकले की काम झालं. पिठासारखी धूळ उडायची. मी नाकाला पदर लावून झटकायची आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "या घरात एकाला तरी अक्कल आहे!"

यांनी एकदा त्याला टोकलं, "नळ उघड रे." तो हसला. मीच मध्ये पडले, "तुम्ही आधी तुमचा खोकला आवरा, मग त्याला शिकवा."

हे माझ्या तोंडचे शब्द आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर बोगद्याच्या फाटकावर कागद लागला. आत काम करून ज्यांना तीन वर्षं झाली, त्या सगळ्यांच्या छातीचा फोटो काढायचा. फोटोची गाडी दर सोमवारी दवाखान्याच्या पटांगणात येणार. छाती खराब निघेल त्याला आत जाता येणार नाही. भोंग्याला अडीच वर्षंच झाली होती, त्याचा नंबर नव्हता. यांचा होता.

त्या संध्याकाळी हे जेवायला बसले आणि तिसऱ्या घासाला ठसका लागला. ताट सोडून अंगणात गेले, कठड्याला धरून वाकले. पाठ नुसती उडत होती.  चाळिशी ओलांडलेला माणूस, हाताला एकच काम येतं, आणि तेही दगडाचं. हा घरी बसला तर वेडा होईल हे मला पक्कं ठाऊक होतं. विहिरी बंद पडल्या त्या वर्षी हा माणूस रिकाम्या अंगणात उगाच खड्डा खणायचा आणि बुजवायचा. मी ते पाहिलंय.

हे आत आले तसं मी म्हणाले, "फोटोत काही तोंड येत नाही."

"म्हणजे?"

"छातीच तेवढी येते ना?"

भोंग्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि असा हसला की पत्रा वाजला. "वहिनी, डोकं आहे तुला! दादा, माझी छाती घेऊन जा उसनी. काम झालं की परत कर."

"गप रे. पकडले गेलो तर दोघंही घरी."

"कोण पकडतंय? गाडीवाला बाहेरचा. त्याला बिल्ल्यावरचा आकडा कळतो, माणूस कुठे कळतो?"

हे नको नको म्हणत राहिले. पण नको म्हणता म्हणताच पुन्हा खोकला आला, आणि तिथे यांचं म्हणणं पडलं.

सोमवारी भोंगा यांचा सदरा घालून, यांचा पितळी बिल्ला लावून गेला. बटणं छातीवर ताणली होती. तासाभरात परत आला, तो लांबूनच ओरडत.

"श्वास घ्या, धरा, म्हणाला. मी असा धरला, असा धरला, की तोच म्हणाला, सोडा हो आता, गाडीला हवा राहू द्या!"

सासूबाईंनासुद्धा ऐकू गेलं. का हसतोय ते कळलं नाही, तरी त्याही हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री मी त्याला जास्तीचा भात वाढला.

नवव्या दिवशी कंपाउंडर घरी येऊन सांगून गेला, की डॉक्टरबाईंनी यांना बोलावलंय. हे कुठलीच गोष्ट धड घरी सांगत नाहीत, म्हणून मीही सोबत गेले. डॉक्टरबाई वयाने लहान, चष्मा नाकावर, बोलणं तुटक. त्यांनी काळा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला.

"हे ठिपके दिसतात? दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला जास्त. दगडाची धूळ आहे ही. आत जाऊन बसलीय, आता निघायची नाही. याला औषध नाही. अजून धूळ गेली तर लवकर वाढेल. तुमचं आतलं काम आजपासून बंद."

यांना खोकला आला. डॉक्टरबाईंनी, बघा, अशी मान हलवली.

आणि मी, सांगायला लाज वाटते, रडायला लागले. शेवटी यांच्या छातीत निघालंच, असं वाटलं मला. फोटो कुणाचा काढलाय हे मी, ज्या बाईने ही सगळी युक्ती काढली ती, विसरून गेले होते. हे मात्र फोटोकडेच बघत होते. उठले, जवळ गेले, आणि खांद्याजवळच्या एका हाडावर बोट ठेवलं.

"ते मोडून जुळलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पडला होतात का कधी?"

"हो," हे म्हणाले.

हे कधीच पडले नव्हते. पडला होता भोंगा, एकोणिसाव्या वर्षी, विहिरीत उतरताना दोर निसटून. हात गळ्यात बांधून दोन महिने माझ्या हातून जेवला होता. माझं रडणं जागच्या जागी थांबलं. 

परत येताना वाटेवरच्या मोरीच्या कठड्यावर हे बसले. म्हणाले, "मी नळ उघडा ठेवला, म्हणून मी भिजलो. खोकला तो भिजल्याचा."  मग म्हणाले, "त्याला कधी साधा ठसका लागलेला पाहिलायस?"

नव्हता पाहिला. त्याचंच तर कौतुक होतं.

भोंगा अंगणात शेळीच्या गोठ्याला फळी ठोकत होता. यांनी सांगितलं. हातोडा दोन घावांच्या मध्ये थांबला, तेवढाच. मग फळी ठोकून झाली, खिळा आत गेला का ते अंगठ्याने चाचपून झालं, आणि म्हणाला, "मशीन जुनं आहे त्यांचं. ठिपके काचेवरचे असतील."

"दोन्ही बाजूंना?" मी विचारलं.

"तू डॉक्टर कधी झालीस, वहिनी?"

यांनी खांद्यावर हात ठेवला. "उद्या जाऊन खरं सांगू."

"काय सांगणार? फसवलं म्हणून? दोघांनाही हाकलतील. उलट बघ ना, सगळं कसं नीट बसलंय. मुकादम तुला पंपघरात घेईल, बाहेरचं काम आहे. आणि सगळ्यात पुढचं ड्रिल मला देईल, तुझं. मला काही होत नाहीये. होतंय का? बघ!" आणि छाती फुगवून असा ओरडला की शेळीने दावं ताणलं.

यांच्या चेहऱ्यावर ऐकण्याची चिन्हं दिसेनात. तेव्हा त्याने यांचा हात धरून ओढत उंबऱ्यापाशी नेला, तिथे सासूबाई बसल्या होत्या, आणि तो हात आईच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस."

सासूबाई दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "अरे, आशीर्वाद मी द्यायचा की तुम्ही?"

यांनी घेतली शपथ. आईच्या डोक्यावर हात असताना दुसरं काय करणार? मधेच मी हंडा उचलून उठले होते, म्हणून मी नळकोंडाळ्यावर गेले असं भोंग्याला वाटलं. मी दाराआड होते. मला कुणी शपथ घातली नाही.

हे पंपघरात जायला लागले. कोरडं काम, सावलीत. यांचा खोकला आठ दिवसांत निम्मा झाला. एरवी मी आनंदाने नाचले असते. आता रोज सकाळी डबे भरले की दोन्ही वेगवेगळे ठेवायची. एक डबा बाहेरचा, एक आतला. भोंगा शीळ घालत चढाला लागायचा आणि मी दारात उभी राहून त्याची पावलं बघायची. पहिल्या वळणावर तो कधी थांबत नसे. आता चप्पल झटकायला थांबायला लागला. रोज चपलेत खडा कसा जातो?

सुरुंगाचा धूर पुरता निवायच्या आत मुकादम माणसं आत ढकलतो, हे मला आधीही ठाऊक होतं. पण आधी ते नुसतं ठाऊक होतं. आता स्फोट झाला की मी चहा ठेवायची विसरायची आणि डोंगराकडे बघत बसायची.

"नळ उघडा ठेव," मी त्याला म्हणाले. "माझ्यासाठी म्हणून ठेव. मी धुते कपडे. चार जोड धुते. तुला पाय धुवायला ऊन पाणी देते."

"अगं, ठेवतो की! एवढं काय त्यात?"

दोन दिवस ओला आला. मी ते चिखलाने बरबटलेले कपडे असे धुतले की सोन्याचे असावेत. तिसऱ्या दिवशी कोरडा. खोदकामाचे मीटर कमी भरले म्हणून मुकादमाने सगळ्यांदेखत सुनावलं होतं, भोंग्याचा आवाज तेवढा मोठा, हात बायकी. तो ते हसत हसत सांगत होता. मी त्याचा सदरा दोरीवरून घेतला, एकदा झटकला. ढग उठला. उन्हात ती धूळ चकाकत खाली बसत होती, आणि माझं डोकं फिरलं. कोपऱ्यातली बादली उचलली आणि अख्खी त्याच्या अंगावर ओतली.

"घे! आता ओला झालास ना? आता खोक!"

तो ठिबकत उभा राहिला. शेजारीण दारात आली. सासूबाई म्हणाल्या, "ऊन फार आहे का गं?" भोंग्याने तोंडावरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मला घरी बसवू नको. दादा बसला होता तेव्हा खड्डे खणायचा. मला तर तेही येणार नाही." आत जाऊन त्याने कपडे बदलले. बदलताना खाटेवर बसावं लागलं, ते मी फटीतून पाहिलं.

पुढचे दहा-बारा दिवस मी कुणाशी भांडलेसुद्धा नाही. शेजारणीने विचारलं, बरं नाही का? यांच्याशी बोलावं तर हे शपथेत अडकलेले. "तू काही म्हणालीस तर मी ऐकलं नाही असं समजेन," एवढं एकदा बोलले, आणि माझ्याकडे न बघता पंपघरात गेले. म्हणजे काम माझ्याच गळ्यात. तोंड उघडलं तर दोघांचंही काम जाणार. नाही उघडलं तर हा डोंगर त्याला आतून भरत जाणार. रात्री कूस बदलून अंग दुखायला लागलं. 

मग तो सोमवार आला. दुपारी मी अंगणात होते. वरून आवाज आला, रोजच्यापेक्षा बारीक, "सुरुंग आहे! सरका रे!" मी मनात एक मोजला. "सुरुंग आहे! सर..." तिथे तुटला. मी हातातलं सूप धरून उभी. तिसरा आलाच नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी पातळ आवाज घाईघाईने काहीतरी ओरडला, आणि जमीन हलली. भांडी वाजली.

सासूबाईंनी तांदळातून मान वर केली. "आज सुरुंग लावला नाही का गं? जमीन कशाने हलली?"

मी सूप ठेवलं, पायात चप्पल घातली की नाही आठवत नाही, आणि निघाले. दवाखाना अर्धा कोस. पटांगणात फोटोची गाडी उभी होती. डॉक्टरबाई हात धूत होत्या.

मी म्हणाले, "तो फोटो माझ्या नवऱ्याचा नाही."

"कुठला?"

"मोडलेल्या हाडाचा. माझ्या दिराचा आहे तो. नवऱ्याचा बिल्ला लावून मी त्याला पाठवला होता. माझी कल्पना. तो अजून आत आहे, पुढच्या ड्रिलवर आहे, आणि नळ बंद ठेवतो."

डॉक्टरबाईंचे हात तसेच नळाखाली राहिले. मग चेहरा लाल झाला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? ही फसवणूक आहे!"

"हो. माझी आहे. काय करायचं ते माझं करा. पण त्याला आधी बाहेर काढा."

"मी फोटो दाखवल्यापासून किती दिवस आत गेला तो?"

"एकवीस," मी म्हणाले. मी मोजलेच होते.

 त्यांनी ओल्याच हातांनी फोन उचलला. बोगद्यावर कुणाशी तरी त्या अशा बोलल्या की मला वाटलं, ही बाईसुद्धा बहिऱ्या सासूजवळ राहत असणार.

अर्ध्या तासाने भोंगा आला. एकटा नव्हता, मुकादम पाठीमागे तणतणत होता. भोंग्याच्या भुवया, पापण्या, ओठ, सगळं पांढरं. मुकादमाच्या पुढे हसत येत होता, काहीतरी थट्टा करत. पटांगणात मला बघितलं आणि थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण बाकीचा चेहरा बदलला.

"तू?" म्हणाला.

मी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली.

"तू, वहिनी? मुकादम नाही, दादा नाही, तू?"

गाडीवाल्याने त्याला पाटीला छाती टेकवून उभा केला. दार उघडंच होतं. "श्वास घ्या," तो म्हणाला. "धरा." मी बाहेर उभी राहून स्वतःचा धरला. माझा अजून सुटला नव्हता, तेवढ्यात आतून त्याचा सुटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग खोकला. गाडीवाला म्हणाला, "पुन्हा." तीनदा पुन्हा म्हणाला.

संध्याकाळी यांचाही फोटो काढला. श्वासनळ्या सुजलेल्या, थंडीने आणि धुराने. ठिपके नाहीत म्हणावेत इतके थोडे. मुकादमाने फाटकावर उभं राहून चारचौघांत आमच्या घराचा उद्धार केला, फसव्यांचं खानदान म्हणाला. हे खाली मान घालून ऐकत होते. पंधरा दिवस यांना घरी बसवलं, पंपघरही गेलं. मग ड्रिल धरायला जाणता माणूस मिळेना, तेव्हा त्याच मुकादमाने निरोप पाठवला. डॉक्टरबाईंनी वर काय लिहून कळवलं कोण जाणे, आता नळ उघडा ठेवायचा हुकूम निघालाय. साहेब फिरकतात तोपर्यंत मुकादम तो पाळतो. आमचे हे साहेब नसतानाही पाळतात.

भोंग्याचे कागद कुठेकुठे गेलेत. तो घरी असतो. खड्डे खणत नाही. दारातल्या दगडावर बसतो आणि दुपारची वाट बघतो. सुरुंगाच्या आधी आता नवा कर्णा वाजतो, बॅटरीवरचा. तो वाजला की भोंगा आत निघून जातो.

माझ्याशी तो बोलला नाही. ताट पुढे केलं तर जेवायचा, हाक मारली तर बघायचा. मी खूप बडबडले, शिव्याही दिल्या, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. आईशी बोलायचा, पण एका वाक्यात दोनदा थांबून, आणि आवाज ओठांपाशीच राहायचा. सासूबाई कानाला हात लावून पुढे झुकायच्या, मग मागे टेकायच्या आणि पुन्हा तांदूळ ओढायच्या.

हे कामावर परत गेले त्या दिवशी पहिल्यासारखेच आले. चिखलात बुडवून काढलेले. मी अंगणात घंगाळ ठेवलं, सदरा आणि बंडी धुतली, आणि बंडी पिळायला घेतली. जाड कापड, पाणी पिऊन दगड झालेलं, एका माणसाच्या हाताने पिळलं जात नाही. मी गुडघ्यात धरून ओढत होते.

भोंगा दगडावरून उठला. आला आणि त्याने दुसरं टोक उचललं.

"धर," म्हणाला.

एवढंच. बावीस दिवसांनी. मी धरलं. त्याने एका बाजूला पीळ दिला, मी दुसऱ्या. राखाडी पाणी आमच्या पायांवर पडायला लागलं. अर्ध्यावर आलं आणि त्याचे हात थांबले. खांदे वरखाली व्हायला लागले, तोंड उघडं. टोक त्याने सोडलं नाही. मीही सोडलं नाही, पीळ उलगडू नये म्हणून दोन्ही मुठी आवळून उभी राहिले. हे दारात उभे होते, त्यांच्या अंगावरून अजून पाणी गळत होतं.

उंबऱ्यातून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"धर म्हणाला, आई!" मी ओरडले.

"मला कसं ऐकू आलं नाही?" त्यांनी कानात बोट घालून हलवलं. "याचंही येईनासं झालं बाई. कान पुरते गेले वाटतं माझे."

भोंग्याने माझ्याकडे बघितलं. श्वास अजून लागत नव्हता.

"हो आई," मी जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढं ओरडले. "कानच गेले तुमचे!"

मग त्याने बंडीला पुन्हा पीळ दिला.